झाडांच्या वयाचा हिशेब : इस्रायलमधल्या बेरशेवातील तिसरीच्या वर्गाच्या तू बिश्वात प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, 12 जानेवारी 2025

यंदाच्या तू बिश्वातचा तिसरीच्या वर्गाचा प्रकल्प माझ्याकडे आला असून आजच्या बैठकीत त्याची रूपरेषा ठरली. श्वात या हिब्रू महिन्याची पंधरावी तारीख म्हणजे झाडांचे नववर्ष. यंदा ती गुरुवारी, 13 फेब्रुवारीला येते आणि यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्यामुळे सण बुधवारी संध्याकाळीच लागेल. शाळांमधून हा दिवस साजरा करण्याची पद्धत ठरून गेलेली आहे : सुक्या मेव्याची ताटे मांडायची, बदामाच्या फुलांची कागदी तोरणे लावायची, अंगणात एखादे रोप लावायचे आणि त्याच्याभोवती मुलांना उभे करून फोटो काढायचा. यात वाईट काही नाही; परंतु एवढेच केले तर हा दिवस नेमका याच तारखेला का, हे मुलाला कधीच कळत नाही.

मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहातील रोश हशाना या प्रकरणाची सुरुवातच चार नववर्षांच्या यादीने होते. निसान महिन्याची पहिली तारीख राजांच्या कारकिर्दी आणि सणांचा क्रम मोजण्यासाठी, एलुलची पहिली जनावरांच्या दशमांशासाठी, तिश्रीची पहिली वर्षगणनेसाठी आणि श्वातमधली तारीख झाडांसाठी. आपल्याकडे 31 मार्चला हिशेबाचे वर्ष संपते आणि त्या रात्री कोणी फटाके वाजवत नाही, तशीच ही मुळात वहीतली रेघ होती : या रेघेच्या अलीकडे धरलेले फळ गेल्या वर्षाचे, पलीकडे धरलेले नव्या वर्षाचे. त्यावरून दशमांश कोणत्या वर्षाचा काढायचा आणि झाडाचे वय किती धरायचे, हे ठरत असे. म्हणून या वर्षीच्या प्रत्येक उपक्रमात मुलांनी काही तरी मोजले पाहिजे, असा आग्रह मी बैठकीत धरला आणि तो मान्य झाला. कागदी तोरणे वर्गातून वगळली. सहकारी शिक्षिकेच्या इच्छेनुसार ती बाहेरच्या मार्गिकेत लावली जातील.

रोपे, खत आणि खुरपी ठेवण्यासाठी शाळेने तळमजल्यावरच्या मिक्लातचा, म्हणजे सायरन वाजल्यावर आसरा घ्यायच्या खोलीचा, एक कोपरा दिला आहे. दारापर्यंतची वाट मोकळी ठेवण्याच्या अटीवर.

सोमवार, 20 जानेवारी

अंगणातल्या बदामाच्या झाडावर अजून पान नाही. प्रत्येक गटाने एकेक फांदी निवडून तिला लोकरीचा रंगीत धागा बांधला आणि तिच्यावरच्या डोळ्यांचे चित्र काढले. टोकाकडचे डोळे निमुळते व घट्ट मिटलेले होते, तर खालच्या बाजूचे काही जोडीजोडीने फुगलेले आणि त्यांच्या तपकिरी पापुद्र्याखालून फिका गुलाबी रंग डोकावत असलेला. बदामाला पानांआधी फूल येते आणि या देशात हिवाळा सरण्यापूर्वी फुलणाऱ्या झाडांत त्याचा पहिला मान आहे, हे मुलांना पाठ होते. मात्र फुगलेला डोळा आणि मिटलेला डोळा यांतला फरक बहुतेकांनी आजच निरखून पाहिला. चित्राखाली तारीख लिहिणे सक्तीचे केले आहे, कारण तारखेशिवाय अशा चित्राचा पुढे काही उपयोग नाही.

त्यानंतर सेलरीचा प्रयोग केला. पानांसकटचे दांडे लाल रंगाच्या पाण्यात उभे करून ठेवले होते. दुपारच्या सुट्टीनंतर एक दांडा आडवा कापला, तेव्हा कडेच्या बाजूने लाल ठिपक्यांची अर्धवर्तुळाकार रांग दिसली. तोच दांडा उभा चिरल्यावर प्रत्येक ठिपक्याची एक लांब रेघ झाली आणि ती थेट पानाच्या शिरेपर्यंत गेलेली सापडली. झाडात रस कसा चढतो हे दाखवण्यासाठी यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही. वर्षातला बहुतेक पाऊस या तारखेपर्यंत पडून गेलेला असतो, असे कारण तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चाग्रंथात, दिलेले आहे. त्या पावसावर झाडांत रस चढतो आणि पुढची फळे धरतात, असे भाष्यकार त्याचे स्पष्टीकरण देतात. इथला पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच पडत असल्याने हे कारण इथल्या मुलांना सहज पटते.

पण यंदाचा हिवाळा देशभर कोरडा चालला आहे. बाटली कापून केलेला वर्गाचा पर्जन्यमापक पाहून एका मुलीने विचारले की, पाऊसच आला नाही तर तारीख पुढे ढकलणार का. उत्तर असे दिले की, तारीख एका वर्षाच्या पावसावर ठरलेली नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर ठरलेली आहे, त्यामुळे ती हलत नाही. बेरशेवात वर्षाकाठी सरासरी सुमारे 200 मिलीमीटरच पाऊस पडतो. माझे बालपण गेले त्या कोकणात तो दोन हजारांच्याही पुढे जातो आणि तोही जून ते सप्टेंबरात. हा आकडा फळ्यावर लिहिला, तेव्हा मुलांना मी एक शून्य जास्त दिले असे वाटले.

गुरुवार, 23 जानेवारी

घरच्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही लहान असताना हा दिवस कसा पाळत होता’ असे विचारून यायला सांगितले होते. उत्तरांचे चार गट पडले. मोरोक्कोहून आलेल्या घरांतून फळांनी भरलेल्या मेजांची वर्णने आली. जुन्या सोव्हिएत प्रदेशातून आलेल्या एका आजोबांनी, आपल्याला इथे येईपर्यंत या दिवसाची माहितीच नव्हती, असे सरळ लिहून पाठवले. इथिओपियातून आलेल्या घरांची परंपरा मिश्नेवर आधारलेली नव्हती, त्यामुळे तिथेही हा दिवस नव्हता. चौथा गट आमचा, बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचा. वर्गात मराठी घरांतली मोजकी मुले आहेत आणि त्यांच्या आजी-आजोबांनी दिलेले उत्तर ऐकून इतर मुले चकित झाली, कारण त्यात झाडांच्या वयाचे नावही नव्हते.

कोकणात हा दिवस ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हणून ओळखला जात असे. आमच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी परंपरागत कथा आहे. पुढे त्यांचे वंशज गावोगावी तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे, तेथून तो स्वर्गाकडे गेला, अशी श्रद्धा आहे. या दिवशी तिथे जाऊन मलिदा, म्हणजे गोड पोहे व फळांचे ताट, करण्याची रीत आजही चालू आहे, आणि इस्रायलमधून गावाकडे जाणारी आमची मंडळीही त्या खडकापाशी आवर्जून थांबतात. आमच्या सणांची जुनी मराठी नावे (नव्याचा सण, बिरड्याचा सण) मुलांना फार आवडली, विशेषतः ‘टिशा बाव’च्या उपासाशी बिरड्याचे नाते जडल्याचे ऐकून.

कोकणातल्या दिवसात दशमांश का नाही, याचे उत्तर मी मुद्दाम सविस्तर दिले. फळांचा दशमांश आणि त्याची वर्षे हा नियम इस्रायलच्या भूमीतल्या उत्पन्नाला लागू होतो. नवगावच्या नारळाला तो कधीच लागू नव्हता. तारीख तीच राहिली, पण तिच्यातला हिशेब लागू पडत नव्हता, आणि त्या जागी लोकांनी आपल्या संदेष्ट्याची आठवण बसवली. हे मला काही घसरण वाटत नाही. शेकडो वर्षे इतर यहुदी समाजांपासून दूर राहिलेल्या लोकांनी ही तारीख सांभाळली, हेच पुष्कळ आहे.

गुरुवार, 30 जानेवारी

आज श्वातची पहिली तारीख. शम्माय आणि हिल्लेल हे मिश्नेतले दोन गुरू, त्यांच्या परंपरांत मतभेद होते. शम्मायच्या परंपरेनुसार झाडांचे नववर्ष आजच असायला हवे होते. हिल्लेलच्या परंपरेने पंधरावी सांगितली आणि तीच रूढ झाली. वर्गाच्या मधोमध खडूची रेघ ओढून मुलांना दोन बाजूंना उभे केले. एका बाजूने पहिल्या तारखेच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्या बाजूने पंधराव्या. ‘महिन्याची सुरुवात लक्षात ठेवायला सोपी’ हा शम्मायकडच्यांचा मुद्दा बिनतोड होता. हिल्लेलकडच्यांनी बदामाच्या चित्रांच्या वह्या पुढे केल्या आणि अजून फुलेच उमलली नाहीत, मग नवे वर्ष कसे, असे विचारले. आपल्याच नोंदी पुरावा म्हणून वापरायचे त्यांना आपणहून सुचले. प्रकल्पाच्या दृष्टीने आजची सर्वांत जमेची गोष्ट हीच.

वादानंतर रब्बी अकीवा या प्राचीन धर्मपंडितांची गोष्ट सांगितली. त्यांनी एकदा श्वातच्या पहिल्या तारखेला एत्रोग, म्हणजे आपले महाळुंग, तोडले आणि त्याचे दोन दशमांश काढले : एक शम्मायच्या मताप्रमाणे आणि एक हिल्लेलच्या. इतर झाडांच्या बाबतीत फळ धरण्याची वेळ पाहतात, महाळुंगाच्या बाबतीत मात्र तोडण्याची वेळ पाहतात, म्हणून त्या दिवशी प्रश्न उभा राहिला. ‘मग त्यांच्याकडे महाळुंग किती उरले’ असे एकाने विचारले. त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितले.

सोमवार, 3 फेब्रुवारी

दशमांशाचा उपक्रम. सुरुवातीला बदाम घेण्याचा विचार होता, परंतु वर्गात सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेली मुले असल्याने बदाम, काजू, अक्रोड वर्गात आणता येत नाहीत. त्याऐवजी कॅरोबच्या बिया घेतल्या. या झाडाला इथे ‘खारूव’ म्हणतात. त्याच्या चपट्या तपकिरी शेंगांमध्ये चिंचोक्यांहून लहान, कडक व चकचकीत बिया असतात आणि मोजायला त्या उत्तम.

प्रत्येक गटाला 102 बिया दिल्या. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे. यरुशलेमचे मंदिर उभे होते त्या काळात सर्वांत आधी कोहेन याजकाचा वाटा, म्हणजे तेरुमा, काढला जाई आणि त्याचे मध्यम प्रमाण पन्नासाव्या हिश्शाचे होते. 102 मधून दोन बिया बाजूला ठेवल्या की बरोबर 100 उरतात आणि पुढे कुठेही अपूर्णांक येत नाही. शंभरांतल्या दहा लेव्याला, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या कुळातल्या माणसाला, जातात आणि तो आपल्या दहांतली एक कोहेनाला देतो. उरलेल्या 90 चा पुन्हा दशमांश निघतो, म्हणजे नऊ. शेतकऱ्याच्या वाट्याला 81 राहतात. दुसऱ्यांदा निघालेल्या या नऊ बियांचे काय करायचे, ते वर्षावर अवलंबून आहे, आणि सणाचे सगळे मर्म इथे आहे.

सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी हा दुसरा वाटा मालकाने यरुशलेमला नेऊन तिथे खायचा असतो. तिसऱ्या व सहाव्या वर्षी तो गरिबांचा असतो. सातवे वर्ष शमिताचे, जमिनीच्या विश्रांतीचे, त्या वर्षी दशमांशच नाही. हिब्रू कालगणनेत मागचे शमिताचे वर्ष 5782 होते, म्हणजे चालू 5785 हे चक्रातले तिसरे. त्यामुळे येत्या 13 तारखेच्या आधी धरलेल्या फळाचा दुसरा वाटा यरुशलेमचा आणि नंतर धरलेल्या फळाचा गरिबांचा. म्हणजे यंदा या रेघेला प्रत्यक्ष अर्थ आहे. गटांना दोन टोपल्या दिल्या, एक रेघेआधीची व एक नंतरची, आणि नियम सांगितला की एका टोपलीतले देणे दुसऱ्या टोपलीतून भागवता येत नाही. पहिल्याच फेरीत एका गटाने सोय म्हणून दोन्ही टोपल्या एकत्र ओतल्या आणि मग कोणती बी कोणाची, यावरून त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. ते मी मिटवले नाही. वर्षे मिसळू नयेत हा नियम कशासाठी आहे, हे त्या भांडणातून जितके कळले, तितके मला समजावून सांगता आले नसते.

मंदिर नसल्यामुळे आज प्रत्यक्षात काय करतात, तेही सांगितले : शंभरातला एकाहून किंचित जास्त भाग बाजूला काढून, गुंडाळून, आदराने टाकून दिला जातो आणि दुसऱ्या दशमांशाचे मूल्य नाण्यावर उतरवले जाते. गरिबांचा वाटा मात्र आजही गरिबांनाच द्यायचा असतो. एका मुलाने विचारले की बाजारातून आणलेल्या संत्र्यांचे काय. त्याचे घर कोणत्या दुकानातून भाजी घेते, तिथे धार्मिक देखरेखीचा शिक्का आहे का, हे त्याने पाहून यायचे ठरले.

बुधवार, 5 फेब्रुवारी

फळांची वर्गवारी. तू बिश्वातच्या सेदेरची, म्हणजे क्रमाने फळे खाण्याची व चार प्याले पिण्याची, रीत उत्तर इस्रायलमधल्या त्स्फात (सफेद) या नगरीच्या गूढवादी परंपरेतून आलेली असून अठराव्या शतकात ती छापील स्वरूपात पसरली. त्यात फळांचे तीन गट करतात : बाहेरून टणक किंवा न खाण्याजोगे साल असलेली, आत कठीण बी असलेली आणि सगळीच खाता येणारी. पहिल्या गटात डाळिंब, दुसऱ्यात खजूर व ऑलिव्ह, तिसऱ्यात अंजीर व द्राक्ष. या गटांचा सृष्टीच्या स्तरांशी जोडलेला अर्थ आठ वर्षांच्या मुलांसाठी नाही, असे माझे मत आहे. तो मी सोडून दिला आणि केवळ वर्गीकरण ठेवले.

वर्गीकरणातच पुरेसा वाद निघाला. नारळ पहिल्या गटात गेला, आंबा दुसऱ्या. सफरचंदावर मते फुटली, कारण त्याचा गाभा कोणी खातो, कोणी टाकतो; जुन्या याद्यांत ते तिसऱ्या गटात आहे, एवढे सांगून मी पुढे गेले. केळ्याने मात्र तास खाल्ला. केळीला लाकडी खोड नसते, जो खांब दिसतो तो पानांच्या देठांचा गुंडाळा असतो आणि घड आल्यावर तो मरून जातो. म्हणून वनस्पतिशास्त्र तिला झाड मानत नाही आणि आशीर्वचनातही केळ्यावर ‘झाडाचे फळ’ न म्हणता ‘जमिनीचे फळ’ असेच म्हणतात. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच निष्कर्ष निघतो हे पाहून मुले खूश झाली. ‘मग झाडांच्या सणाला केळे का’ हा पुढचा प्रश्न एका मराठी घरातल्या मुलाने विचारला, कारण मलिद्याच्या ताटात केळे असतेच. ते त्याने आजीला विचारायचे आहे.

वाळलेल्या फळांच्या पाकिटांवरून उगमस्थान शोधण्याचाही एक छोटा उपक्रम झाला. इस्रायलच्या भूमीतल्या फळांचा सण आणि पाकिटांवर दूरदूरच्या देशांची नावे! खजूर तेवढे इथले निघाले. या निमित्ताने मसादा येथील उत्खननात सापडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षे जुन्या खजुराच्या बीची हकीकत सांगितली. ते बी 2005 मध्ये अरावा खोऱ्यातील केतुरा किबुत्झमध्ये रुजवण्यात आले आणि त्यातून आलेल्या झाडाला मथुशेलह हे नाव मिळाले. झाड नर निघाले. पुढे तशाच प्राचीन बीपासून वाढलेल्या मादी झाडाला त्याचे पराग देऊन 2020 मध्ये खजूर धरले.

शुक्रवार, 7 फेब्रुवारी

शाळा अर्धी. उद्याचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतिदिवस, हा समुद्रगीत वाचण्याचा, त्यानिमित्त पाखरांना दाणे घालण्याची कित्येकांची चाल आहे; शब्बाथच्या दिवशी ते करावे की नाही यावर मतभेद असल्याने आम्ही दाणे आजच टाकले. बदामाची पहिली फुले निळ्या धाग्याच्या फांदीवर उमलली. चित्रे झाली.

सोमवार, 10 फेब्रुवारी

तालमूदमधल्या होनी या सत्पुरुषाची गोष्ट झाली. वाटेत एक माणूस खारूव लावत होता. याला फळ कधी येईल, असे होनीने विचारले. सत्तर वर्षांनी, असे उत्तर मिळाले. पूर्वजांनी लावलेली झाडे मला मिळाली, तशी मी पुढच्यांसाठी लावतो. ही गोष्ट इथल्या प्रत्येक बालवाडीत सांगतात आणि मुलांना ती तोंडपाठ असते, त्यामुळे मी ती लांबवली नाही. कलमी खारूव सत्तर वर्षांच्या कितीतरी आधी धरतो, एवढी पुस्ती जोडली.

बहुतांश वेळ ओर्लाच्या हिशेबाला दिला. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात नियम आहे की, लावलेल्या झाडाचे पहिल्या तीन वर्षांचे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षाचे पवित्र मानायचे आणि पाचव्या वर्षापासून खायचे. येत्या गुरुवारी आम्ही डाळिंब लावणार आहोत. त्याची जन्मपत्रिका मुलांनीच मांडली. रोप 5785 मध्ये, तिश्रीच्या नववर्षाच्या पुष्कळ आधी लावले जात असल्याने चालू वर्ष पूर्ण वर्ष धरले जाते. 5786 हे दुसरे, 5787 हे तिसरे. ते 2027 च्या ऑक्टोबरात रोश हशानाला, म्हणजे तिश्रीच्या नववर्षाला, संपते, परंतु पुढच्या श्वातच्या पंधराव्या तारखेपर्यंत, म्हणजे 12 फेब्रुवारी 2028 पर्यंत, धरलेले फळ अजून ओर्लाच मानले जाते. त्यानंतर 2028 च्या वसंतात धरणारी डाळिंबे चौथ्या वर्षाची. त्यांचे मूल्य नाण्यावर उतरवून ती खाता येतील. तेव्हा ही मुले सहावीत, म्हणजे या शाळेच्या शेवटच्या वर्गात असतील.

पाचवे वर्ष 5789. इथवर आल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने गेल्या सोमवारच्या सात वर्षांच्या चक्राची पट्टी पुढे आणली आणि 5782 मध्ये सात मिळवून दाखवले : 5789 हे शमिताचे वर्ष आहे. त्या वर्षी धरलेले फळ कोणा एकाचे नसते, येणाऱ्या-जाणाऱ्याने घ्यावे. आणि त्यावर दशमांशही नाही. म्हणजे आमचे डाळिंब ज्या वर्षी पहिल्यांदा मोकळे होईल, त्याच वर्षी ते सगळ्यांचे असेल. हे मी आधी मांडून ठेवले नव्हते. पट्टी भिंतीवर लावून ठेवल्याचा हा फायदा.

बुधवार, 12 फेब्रुवारी

सण संध्याकाळी लागणार, म्हणून सकाळचा कार्यक्रम तालमीचा होता. चार प्यालांसाठी द्राक्षाचा रस घेतला : पहिला निव्वळ पांढरा, दुसऱ्यात थोडा लाल, तिसऱ्यात अर्धाअधिक लाल, चौथा पूर्ण लाल. हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे जाणारा रंगाचा हा क्रम मुलांना समजावून सांगावा लागला नाही. फळे मात्र तीन गटांच्या क्रमाने.

त्यानंतर एका विद्यार्थ्याच्या आजींनी मलिदा केला. घरून शिजवून आणण्यावर शाळेचे निर्बंध असल्याने सगळे वर्गातच झाले. आजींनी जाड पोहे चाळणीत धुतले, निथळत ठेवले आणि पोहा बोटांत दाबून पाहत राहिल्या; तो मऊ झाला पण चिकटला नाही, त्या क्षणी ओला नारळ, साखर, वेलची व बेदाणे घालून हलक्या हाताने वरखाली केले. काजू-पिस्ते ॲलर्जीमुळे नाहीत. ताटात पोह्यांचा ढीग, सभोवती पाच फळे, वर गुलाबाची फुले. आजी मराठीतून सूचना देत होत्या आणि नातू हिब्रूतून सांगत होता. ‘दाबू नकोस रे, लगदा होईल’ याचे भाषांतर त्याला जमेना, तेव्हा त्याने हाताने करून दाखवले. एलियाहू हन्नाबीचे स्तोत्र म्हणून झाल्यावर आशीर्वचने क्रमाने झाली : आधी झाडाच्या फळांवर, त्यात खजूर पहिला, मग जमिनीच्या फळांवर.

केळ्याच्या प्रश्नाला आजींनी दिलेले उत्तर असे : ताटात केळे असते म्हणूनच दोन्ही आशीर्वचने म्हणता येतात, केळे नसते तर दुसरे म्हणायचे कशावर? वनस्पतिशास्त्राचा तास घेऊनही माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

गुरुवार, 13 फेब्रुवारी

वृक्षारोपण. 1890 मध्ये झिख्रोन याकोव्ह या वसाहतीतले शिक्षक झेएव्ह यावेत्झ आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या दिवशी झाडे लावायला गेले आणि 1908 मध्ये शिक्षक संघटनेने तो शाळांचा रिवाज म्हणून स्वीकारला. म्हणजे रोप लावण्याचा भाग शिक्षकांनीच या सणाला जोडलेला आहे. तो तालमूदमधला नाही. गेल्या शतकात देशभर पाइनची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. आम्ही पाइन घेतला नाही, कारण ज्याचे फळ खात नाहीत त्याचा ओर्ला कसा मोजणार?

बेरशेवाची माती लोएस, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेली बारीक पिवळसर धूळ. पावसाचा मारा बसला की तिचा पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी आत न मुरता वाहून जाते. म्हणून आळे रुंद आणि उथळ केले, त्यात कंपोस्ट मिसळले आणि वरून वाळक्या पानांचे आच्छादन घातले. मुलांना पाणी ओतण्याची घाई होती. माळीकाकांनी आधी थोडे ओतायला लावून ते मुरेपर्यंत सर्वांना थांबवले, मग पुन्हा थोडे. शेजारी खारूवचे एक रोपही लावले. ते बियांचे असल्याने नर निघेल की मादी, हे फुलोरा आल्याशिवाय कळणार नाही. फोटो काढला, अर्थातच.

डाळिंबाच्या पाटीवर लागवडीची तारीख हिब्रू व इंग्रजी दोन्ही कालगणनांत, आणि त्याखाली चार ओळी : 5785, 5786 व 5787 खायचे नाही, 5788 नाण्यावर उतरवून, 5789 सर्वांसाठी, त्यानंतर दशमांश काढून.

गुरुवार, 20 फेब्रुवारी

बदामाच्या सर्व फांद्यांची फुले गळू लागली असून पानांचे डोळे उघडले आहेत. निळ्या व पिवळ्या धाग्यांच्या फांद्यांवर फुलाच्या तळाशी लवदार हिरवा फुगवटा दिसतो. फळ धरले आहे. ते रेघेनंतरचे, त्यामुळे त्याचा दुसरा वाटा गरिबांचा, असे मुलांनी आपणहून वहीत लिहिले. लाल धाग्याच्या फांदीवर अजून काही नाही.

ठिबकची नळी दोन्ही रोपांपर्यंत आणली. उन्हाळी सुट्टीत ती तपासण्याचे माळीकाकांनी मान्य केले आहे. सात वर्षांच्या चक्राची पट्टी, कॅरोबच्या बियांच्या पिशव्या (प्रत्येकी 102) आणि डाळिंबाची नोंदवही पुढच्या वर्षीच्या तिसरीच्या शिक्षिकेकडे जातील. 5786 च्या श्वातमध्ये चक्राचे तिसरे वर्ष मागे पडून चौथे लागते, म्हणून त्या वेळी दोन टोपल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी लागेल : रेघेआधीची गरिबांची, नंतरची यरुशलेमची. तशी सूचना पट्टीच्या मागे लिहून ठेवली आहे.